वीस रुपयांचा निर्णय विद्यार्थ्यांना घेऊ द्या: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या मतदानातून हरित निधी सुरू करण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. मागणी आधीच सांगून टाकतो. राज्यातल्या विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना, विद्यार्थ्यांनी मतदान करून मान्य केला तर, एक छोटा हरित निधी गोळा करू द्यावा. आवारातलं पाणी, वीज, कचरा, झाडं यांच्या कामांवर तो खर्च व्हावा. कोणत्या कामाला किती पैसे द्यायचे हे ज्या समितीत विद्यार्थ्यांचं बहुमत आहे तिनेच ठरवावं. आणि मुलं जेवढी रक्कम उभी करतील तेवढीच भर शासनाने घालावी. रक्कम वर्षाला वीस रुपये असावी, फार तर तीस.

आमच्याकडच्या प्रवेशाच्या पावतीवर शिक्षण शुल्काखाली बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं असतं: ग्रंथालय, जिमखाना, विद्यार्थी कल्याण निधी, आपत्ती व्यवस्थापन, ई-सुविधा, ओळखपत्र, वार्षिक अंक. कुठे दहा रुपये, कुठे पन्नास. शेतमजुराची मुलगी हे सगळं भरते. यातल्या एकाही ओळीबद्दल तिला कधी कोणी विचारलेलं नाही, आणि वर्षाअखेरीला त्या पैशाचं काय झालं हेही तिला कळत नाही. अशा पावतीत आणखी एक ओळ घाला असं म्हणताना जीभ अडखळते, म्हणूनच मतदानाचा आग्रह धरतो आहे. बहुमताने नको म्हटलं तर ती ओळ छापायचीच नाही.

आता या निधीची गरज का, ते सांगतो. २०२३ च्या शासन निर्णयानुसार नव्या शैक्षणिक धोरणाची श्रेयांक (क्रेडिट) रचना आली आणि पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट करणं भाग पडलं. माझ्या गटातल्या चार मुलींनी विषय घेतला वसतिगृहातल्या पाण्याचा. रोज सकाळी मोटर लागली की गच्चीवरची टाकी भरून वाहायची आणि पाणी भिंतीवरून ओघळत मागच्या गटारात जायचं. मुलींनी वीस लिटरची बादली त्या धारेखाली धरली. चाळीस सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला तीस लिटर. मोटर बंद करणाऱ्या मामांना खाली हाक ऐकू जाईपर्यंत पाऊण तास जायचा. रोजचं साडेतेराशे लिटर पाणी, आणि तेही अशा गावात जिथे एप्रिल उजाडला की टँकर सुरू होतात. टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा बॉल कॉक गेलेला होता. कॉक आणि प्लंबरची मजुरी मिळून खर्च हजाराच्या आत होता.

त्यांनी मोजमापाचा तक्ता जोडून अर्ज दिला. अर्ज कार्यालयातून संस्थेकडे गेला. तिथून विचारणा आली की हा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा. देखभाल-दुरुस्तीची त्या वर्षाची तरतूद संपली होती, प्रकल्पाचं हेड असं काही नव्हतंच. परीक्षा आल्या, मुलींना प्रकल्पाचे गुण मिळाले, टाकी वाहतच राहिली. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉक बसला तो वसतिगृहाच्या अधीक्षकांनी खिशातून पैसे घातले म्हणून. या मुलींनी आवारातली एक खरी अडचण शोधली, ती मोजली, तिच्यावरचा उपाय किमतीसकट मांडला. विज्ञानाच्या शिक्षणाकडून याहून अधिक मी काय मागू? त्यांच्या हाताशी हजार रुपये आणि ते खर्च करायचा अधिकार, एवढंच नव्हतं.

दुसऱ्या बाजूला कागद भरपूर आहेत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या सातव्या निकषात पर्यावरणाबद्दलचे प्रश्न असतात, म्हणून हरित लेखापरीक्षण करून घेतलं जातं, अहवाल बांधून येतो आणि कपाटात जातो. त्यात लिहिलेल्या शिफारशींवर पैसे कोणी घालायचे हे कुठेच लिहिलेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशापासून पर्यावरण शिक्षणाचा आग्रह सुरू आहे, पुढे तो विषय पदवीला सक्तीचा झाला. त्याच्या प्रकल्पवह्या एका वर्षाची मुलं पुढच्या वर्षाच्या मुलांना देतात आणि त्या जशाच्या तशा उतरवल्या जातात. दोष मुलांचा नाही. वहीत लिहिलेलं कधी प्रत्यक्षात येतं असं त्यांनी पाहिलेलंच नाही.

महोदय, मी मागतो आहे ती व्यवस्था जगात आधीच पारखली गेलेली आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर आवारातल्या विद्यार्थ्यांनी २००० साली मतदान केलं आणि पवनऊर्जा विकत घेण्यासाठी सत्राला एक डॉलर स्वतःवर लावून घेतला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा आवारात २००६ मध्ये आणि बर्कलीत २००७ मध्ये अशाच मतदानातून हरित निधी उभे राहिले. बर्कलीतली वर्गणी होती सत्राला पाच डॉलर, आणि निधी वाटणाऱ्या समितीत बहुमत विद्यार्थ्यांचं. अर्ज विद्यार्थ्याने करावा, शिक्षकाने करावा किंवा कर्मचाऱ्याने करावा, निर्णय समितीचा. नळाचं पाणी बाटलीत भरून घ्यायची सोय, खतनिर्मिती, बागा, विजेची बचत अशी कामं त्यातून झाली.

इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन आवाराचं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तिथल्या विद्यार्थ्यांनी २००३ मध्ये स्वच्छ ऊर्जेसाठी सत्राला दोन डॉलरपासून सुरुवात केली, पुढे मतदानानेच ती वर्गणी वाढवत नेली. २०१५ च्या अखेरीस आवाराच्या दक्षिणेला सुमारे एकवीस एकरांवर सौर प्रकल्प सुरू झाला, क्षमता ५.८७ मेगावॅट. त्यात ही वर्गणी वाटणाऱ्या विद्यार्थी समितीने दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम घातली. आपल्या राज्यातून तिथे एम.एस. करायला जाणारी मुलंही ही वर्गणी भरतात. पुण्या-नागपूरच्या कॉलेजात ज्यांना आवारातल्या एका दिव्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं, त्यांना तिथे गेल्यावर लाखो डॉलरच्या निधीसाठी अर्ज करता येतो आणि समितीत बसताही येतं. मुलं तीच आहेत.

आपल्याकडे डॉलरांचे आकडे चालणार नाहीत हे उघड आहे, म्हणून आपल्या मापाचा हिशेब देतो. तीन हजार विद्यार्थ्यांचं कॉलेज घ्या. वीस रुपयांप्रमाणे साठ हजार जमतात. शासनाने तेवढीच भर घातली तर एक लाख वीस हजार. एवढ्या पैशात अभ्यासिकेतले चाळीस पंखे बदलता येतात. जुना पंखा पंचाहत्तर वॅटचा, नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आसपास, किंमत तीन हजारांच्या घरात. अभ्यासिका दिवसाला दहा तास आणि वर्षाचे २८० दिवस उघडी धरली तर चाळीस पंख्यांमागे पाच हजार युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरा, पन्नास हजार झाले. अडीच वर्षांत पैसे वसूल. या बचतीतला अर्धा वाटा निधीत परत यावा असा नियम केला, तर पुढच्या वर्षाच्या मुलांना मागच्या मुलांची कमाई वापरायला मिळते. इलिनॉयमध्ये असा फिरता निधी आहे आणि त्यातही विद्यार्थी समितीचा पैसा आहे.

अर्थात सगळी कामं पैसे परत देणारी नसतात, आणि तसा आग्रहही नको. मेसच्या उष्ट्याचं खत करायचे हौद, गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायची पन्हळ आणि गाळणी, सायकलींसाठी शेड, मुलींच्या प्रसाधनगृहातल्या कचऱ्याची नीट व्यवस्था. या शेवटच्या कामाचा प्रस्ताव आम्हा शिक्षकांच्या बैठकीत कधी आलेला मला आठवत नाही. विद्यार्थ्यांची समिती झाली तर तो पहिल्या बैठकीत येईल.

शासनाच्या भरीचा आग्रह का? कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठात विद्यार्थी प्रत्येक श्रेयांकामागे काही सेंट भरतात आणि विद्यापीठ तेवढीच रक्कम घालतं. समितीत निम्मे विद्यार्थी, निम्मे कर्मचारी-शिक्षक. दोघांचा पैसा असल्यामुळे काम अडवण्यात कोणाचाच फायदा राहत नाही. इथेही शासनाचा रुपया आत आला की संस्थाचालक, प्राचार्य, सहसंचालक कार्यालय सगळ्यांनाच त्या कामाकडे लक्ष द्यावं लागेल. शिवाय ही भर मुलांनी आधी पैसे उभे केले तरच द्यायची असल्याने तिजोरीवर किती बोजा पडेल हे दरवर्षी आधीच कळेल.

आक्षेप येतील. पहिला गरीब मुलांचा, आणि तो सगळ्यात खरा आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या, व्यावसायिक अभ्यासक्रम घेणाऱ्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासनाने माफ केलं, हा फार चांगला निर्णय होता. पण बाकीची किरकोळ शुल्कं त्यांना भरावीच लागतात, आणि एकत्र केली की ती किरकोळ राहत नाहीत. म्हणून शिष्यवृत्तीधारकांना ही वर्गणी माफ असावी, मत मात्र त्यांचंही असावं. ज्याला भरायची नाही त्याला कारण न विचारता नाव काढून घेता यावं. कॅलिफोर्निया विद्यापीठात मतदानाने लावलेल्या अशा शुल्काचा किमान चौथा हिस्सा गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीकडे वळवावा लागतो. आपण आपल्या कमवा आणि शिका योजनेशी याची सांगड घालू शकतो: खताचे हौद सांभाळणं, वीज-पाण्याच्या मीटरच्या नोंदी ठेवणं, रोपवाटिका चालवणं ही कामं गरजू मुलांना तासावर द्यावीत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातून ही योजना निघाली. कष्टाचा मोबदला घेऊन शिकण्यात कमीपणा नाही हे ज्या राज्याने एवढ्या आधी दाखवून दिलं, तिथे ही सांगड अवघड जाऊ नये.

दुसरा आक्षेप मुलं पैसे उधळतील, हा. याला नियमांनी उत्तर देता येतं. खातं वेगळं, खर्च तीन कोटेशन घेऊन, वस्तूंची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला, प्राचार्य सहसही करणारे पण निर्णय फिरवायचा असेल तर कारण लेखी देणारे, आणि सत्राच्या शेवटी पै-पैचा हिशेब फलकावर. पावतीवरच्या इतर शुल्कांचा एवढा काटेकोर हिशेब आज कोणी देत नाही.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलणार नाही, पण मनात तो असतोच: मतदान म्हटलं की कॉलेजात राजकारण येईल. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर राज्यात खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. त्यामागे हिंसाचाराचा कटू अनुभव होता, तो मी नाकारत नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने कलम ९९ मध्ये विद्यार्थी परिषदेची निवडणूक परत आणली. २०१९ मध्ये वेळापत्रक जाहीर झालं आणि पुढे ढकललं गेलं. त्यानंतर मुलांच्या कित्येक तुकड्या आपल्या कॉलेजात एकदाही मत न देता पदवी घेऊन बाहेर पडल्या. ही मुलं आमदार आणि खासदार निवडतात. हरित निधीचं मतदान माणसाला नसून एका प्रश्नाला आहे: वीस रुपये द्यायचे की नाही. त्यात उमेदवार नाही, बॅनर नाही, पॅनेल नाही. निवडणुकांची भीती असेल तर सुरुवात करायला याहून सुरक्षित जागा दुसरी नाही. आणि मान्यता दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी, कारण आज हो म्हणणारी मुलं तोवर निघून गेलेली असतील आणि नव्या मुलांनाही नाही म्हणायचा हक्क हवा.

यासाठी नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. विद्यार्थी विकास मंडळ कायद्यात आहे, महाविद्यालय विकास समिती आहे. एक शासन निर्णय काढून निधीचं स्वतंत्र लेखाशीर्ष, मतदानाची पद्धत, समितीतलं विद्यार्थ्यांचं बहुमत आणि शासनाची समान भर एवढं ठरवलं तरी काम सुरू होईल. निधीतून केलेलं काम फील्ड प्रोजेक्टच्या श्रेयांकांत मोजलं जाईल असंही एक वाक्य त्यात असावं. सक्ती मात्र कुठल्याच कॉलेजवर करू नये. वरून उद्दिष्ट दिलं की खोटं मतदान आणि खोटे फोटो सुरू होतील, हे आपण वृक्षलागवडीच्या मोहिमांत पाहिलेलं आहे. जी कॉलेजं स्वतःहून पुढे येतील त्यांच्यापासूनच सुरुवात व्हावी.

वेळेचंही गणित आहे. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात. पावतीवर ती ओळ यायची असेल तर मतदान परीक्षांच्या आधी, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायला हवं, आणि त्यासाठी शासन निर्णय जानेवारीअखेर हातात यायला हवा. तो आला तर आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे मतदानाचा पहिला अर्ज मी आणि त्या चार मुली मिळून देऊ. त्या यंदा शेवटच्या वर्षाला आहेत.

आपला,
पदार्थविज्ञानाचा एक प्राध्यापक