जेवणासकट पॅकेज आणि न जेवणारी मुले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीचे आरक्षण सुरू झाले की ‘तीन रात्री, चार दिवस, सर्व जेवणांसह’ अशा जाहिरातींचा पाऊस पडू लागतो. एकदा पैसे भरले की पुढे कुठेही पाकिटात हात घालायला नको, ही कल्पना वर्षभर नोकरी आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कोणालाही आवडेल, तशी ती मलाही आवडते. परंतु ज्या घरांत खाण्याच्या बाबतीत अतिशय चोखंदळ मुले आहेत, त्या घरांनी या मोहाला किती बळी पडावे, याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले. नाश्त्याचे पैसे खुशाल आगाऊ भरावेत. दोन्ही वेळच्या जेवणाचे मात्र, हॉटेलच्या आसपास खाण्याची दुसरी सोय असेल तर, भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडच्या हॉटेलांत साधारण चार प्रकारचे दर असतात. ‘ईपी’ म्हणजे नुसती खोली, ‘सीपी’ म्हणजे खोली आणि नाश्ता, ‘एमएपी’ म्हणजे नाश्ता आणि एक वेळचे जेवण, आणि ‘एपी’ म्हणजे तिन्ही त्रिकाळ खाणे. मुलांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी पाच वर्षांखालील मूल फुकट, पाच ते बारा या वयोगटाला कमी दर आणि बारानंतर पूर्ण दर अशी रीत असते, पण या वयोमर्यादा हॉटेलागणिक बदलतात. बरेचदा मुलाच्या जेवणाची रक्कम ‘एक्स्ट्रा बेड’ किंवा गादीच्या शुल्कातच मिसळलेली असते. त्यामुळे आपण मुलाच्या झोपण्याचे किती आणि खाण्याचे किती दिले, हे बिलावरून कळतच नाही, आणि जे कळत नाही त्याचा हिशेबही मांडता येत नाही.

महाबळेश्वरचेच उदाहरण घ्या. दिवसभरात मुलांच्या पोटात काय जाते, ते पाहण्यासारखे असते. सकाळी दहाच्या सुमारास हॉटेलातला नाश्ता, दुपारी पाचगणीच्या वाटेवर सँडविच, संध्याकाळी वेण्णा तलावावर भाजलेले मक्याचे कणीस, लगेच बाजारात स्ट्रॉबेरी आणि क्रीम. रात्री आठ वाजता हॉटेलचा बुफे उघडतो तेव्हा मुलाला एकतर भूक नसते किंवा झोप आलेली असते. भूक असलीच, तर समोर ओळीने मांडलेल्या झाकणांखाली लाल तर्रीचे व्हेज कोल्हापुरी, पनीर बटर मसाला, जिरा राइस आणि वर लसणीची फोडणी ओतलेली डाळ असते. घरी वरणभातावर तूप आणि चिमूटभर मीठ याच्यापलीकडे न जाणारे मूल भातातला एकेक जिरा बोटाने वेचून ताटाच्या कडेला लावत बसते, डाळीवर तरंगणारी कोथिंबीर पाहून तोंड फिरवते, आणि शेवटी एक पापड व दोन गुलाबजाम खाऊन उठते. त्या ताटाचे पैसे आपण महिन्यापूर्वीच भरलेले असतात.

आता हिशेब मांडू. पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या हॉटेलचे दर त्यांच्या जागी घालून पाहावेत. समजा, ‘सीपी’ऐवजी ‘एमएपी’ घेतल्यास रात्रीच्या जेवणापोटी मोठ्यांना माणशी 800 रुपये आणि मुलांना 400 रुपये जास्त पडतात. चौघांच्या कुटुंबाला एका रात्रीचे 2,400 रुपये झाले. त्याऐवजी बाजारपेठेतल्या साध्या भोजनालयात दोन थाळ्या 350 रुपयांप्रमाणे आणि मुलांसाठी दहीभात वा साधा डोसा 150 रुपयांप्रमाणे घेतला, तर 1,000 रुपये होतात. हॉटेल गावापासून लांब असेल आणि जाण्यायेण्याच्या गाडीला 500 रुपये लागले, तरी 1,500 वर भागते. फरक 900 रुपयांचा. हा फरक काही डोळे पांढरे करणारा नाही, आणि दिवसभराच्या फिरण्याने दमलेल्या मुलांना पुन्हा गाडीत कोंबण्यापेक्षा 900 रुपये सोडलेले बरे, असे एखाद्याला वाटले तर त्यात काही गैर नाही. केवळ पैशांचाच प्रश्न असता, तर मी हे पत्र लिहिले नसते.

आगाऊ भरलेल्या पैशांमुळे आईवडिलांची वृत्ती बदलते, ही माझी मुख्य हरकत आहे. ताटातल्या प्रत्येक पदार्थाला किंमत चिकटल्यासारखी वाटते आणि ‘एवढे पैसे भरलेत, निदान पनीर तरी खा’ अशी वाक्ये तोंडातून बाहेर पडू लागतात. बुफेच्या कोणत्याही दालनात अर्धा तास बसले, तर दोनचार टेबलांवरून हे वाक्य ऐकू येतेच. मूल हटून बसते, आई चिडते, वडील दुसरी भाजी आणायला उठतात, आजी ‘राहू दे, दूध देते’ म्हणते आणि ज्या सहलीसाठी रजा काढली त्या सहलीची संध्याकाळ रुसव्याफुगव्यात जाते. साधारण दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थ नाकारण्याची वृत्ती पुष्कळ मुलांत ठळकपणे असते आणि पुढे ती बहुतेकांच्या बाबतीत ओसरत जाते. नवा पदार्थ आग्रह न करता पुन्हा पुन्हा समोर येत राहिला, तर मूल तो हळूहळू स्वीकारते. त्यासाठी एखाद-दोन नव्हे, आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा तो पदार्थ समोर यावा लागतो, असे बालआहाराचे अभ्यासक सांगतात. तीन दिवसांच्या मुक्कामात हे साधणे अशक्य आहे. तेव्हा मुलाला नव्या चवी शिकवण्याचे काम घरच्या रोजच्या पानावर करावे आणि सुट्टीत त्याला त्याचा दहीभात सुखाने खाऊ द्यावा.

नाश्त्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. इडली, उपमा, टोस्ट आणि लोणी, ऑम्लेट, कॉर्नफ्लेक्स, दूध, केळे यांत मसाला जवळजवळ नसतो, आणि सकाळी उठल्यावर भूकही खरी असते. कितीही नखरे करणाऱ्या मुलाला त्यात एक-दोन ओळखीचे पदार्थ सापडतातच. शिवाय डोसा समोर तव्यावर होताना दिसला की ‘भाजी नको, कुरकुरीत हवा’ असे त्याला स्वतःला सांगता येते, आणि स्वतः मागितलेला पदार्थ मूल सहसा टाकत नाही. म्हणून ‘सीपी’ हा दर मला अशा कुटुंबांसाठी सर्वांत रास्त वाटतो.

हा नियम सगळीकडे लागू पडणारा नाही. ताडोब्याला मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वारापाशी उतरणाऱ्या कुटुंबाने ‘बाहेर खाऊ’ म्हणून चालणार नाही. तिथे खाण्याच्या जागा मोजक्याच, पहाटे अंधारात सफारीला निघायचे, दुपारी परतून पुन्हा दुसऱ्या फेरीला जायचे, त्यामुळे तिन्ही वेळचे जेवण मुक्कामाच्या ठिकाणीच घेणे शहाणपणाचे असते. अशा वेळी आरक्षणापूर्वी, आणि तेही मध्यस्थाला नव्हे तर थेट रिसॉर्टला, दूरध्वनी करून काही गोष्टी पक्क्या कराव्यात. फोडणीपूर्वीचे वरण बाजूला काढून ठेवाल का? जिरा राइसच्या दिवशी साधा भात मिळेल का? मुलांना सात वाजता जेवायला वाढाल का, की आठपर्यंत थांबावेच लागेल? सकाळच्या सफारीबरोबर बांधून दिल्या जाणाऱ्या नाश्त्यात मुलांसाठी काय असेल? लहान मुलासाठी बरोबर आणलेले खाणे खोलीत चालेल का? शेवटचा प्रश्न अनेकांना क्षुल्लक वाटतो, पण बाहेरचे खाद्यपदार्थ आणि विजेची किटली यांना मज्जाव करणारी ठिकाणे पुष्कळ आहेत, आणि दशम्या, मेतकूट व खाकऱ्यांच्या भरवशावर निघालेल्या आईची तिथे पंचाईत होते. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल, तर ती लेखी कळवावी. तो आवडीनिवडीचा विषय नव्हे.

कोकणातल्या घरगुती निवासांत तर आगाऊ सांगितलेले जेवण हेच मला अधिक सोयीचे वाटते. तिथे यजमानीण सकाळी बाजारात मासळी आणायला जाते, ती माणसे मोजूनच आणते, त्यामुळे ‘रात्री किती पाने?’ हा तिचा प्रश्न रास्त असतो. पण तिथे पैसे पानाप्रमाणे असतात, खोलीला चिकटलेले नसतात. मुलाला तिखट सोसत नाही, असे सांगितले तर त्याच्यासाठी गुरगुट्या भात आणि तूप किंवा दोन घावने आणि गूळ-खोबरे निमूटपणे पानात येते. चौघांसाठी पेटलेल्या चुलीवर जे जमते, ते दोनशे जणांसाठी पेटलेल्या भट्टीवर जमत नाही, हे मला समजते. मोठ्या हॉटेलाच्या मुदपाकखान्याने प्रत्येक मुलाची मर्जी राखावी, अशी माझी मागणी नाही. ज्याची मर्जी राखता येत नाही, त्याच्याकडून सक्तीने पैसे घेऊ नयेत, एवढेच म्हणणे आहे.

परदेशी जाणाऱ्या कुटुंबांनाही हीच दक्षता घ्यावी लागते. अमेरिकेत ओर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये जेवणाची जी आगाऊ योजना विकली जाते, तिच्यात 3 ते 9 या वयाची मुलेच लहान धरली जातात आणि दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा दर लागतो. एका खोलीतल्या एकाने योजना घेतली, तर तीन वर्षांवरील सर्वांना ती घ्यावी लागते, आणि न वापरलेली जेवणे खोली सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री बाद होतात. दहा वर्षांचे जे मूल आपल्याकडे अर्ध्या दरात जेवते, ते तिकडे मोठे माणूस ठरते. त्यातून ते मूल शाकाहारी आणि फक्त बटाट्याचे काप व चीज पिझ्झा खाणारे असेल, तर ही योजना त्याच्यासाठी घाट्याचीच ठरण्याची शक्यता अधिक.

उलट बाजूही नोंदवायला हवी. तेरा-चौदा वर्षांची, खेळाडू प्रकृतीची, समोर येईल ते चाटूनपुसून खाणारी मुले ज्यांच्या घरी आहेत, त्यांना बुफे नक्कीच परवडतो. आणि स्वतःचा आचारी बरोबर नेणाऱ्या सहल कंपन्यांबरोबर गेल्यास सिमल्यातही रात्री आमटीभात मिळतो, तेव्हा तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता हॉटेलचालकांविषयी. हंगामात ‘फक्त एपी’ किंवा ‘फक्त एमएपी’ असे सांगून नुसती खोली द्यायलाच नकार देण्याची पद्धत थंड हवेच्या ठिकाणी चांगलीच रुजली आहे. एक सेवा हवी असेल तर दुसरीही घेतलीच पाहिजे, अशा अटीचा समावेश ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ने ‘निर्बंधात्मक व्यापारी प्रथे’च्या व्याख्येत केलेला आहे. एखाद्या विशिष्ट हॉटेलाची अट त्या व्याख्येत बसते की नाही, हे ठरवणे ग्राहक आयोगाचे काम आहे. परंतु विचारण्याचा हक्क आपल्याला निश्चित आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक त्यासाठीच आहे. सेवाशुल्काच्या बाबतीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये ते बिलात आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या मार्गदर्शक तत्त्वांच्या बाजूने निकाल दिला. जेवणाच्या सक्तीकडेही कोणी तरी याच नजरेने पाहावे.

अंमलबजावणी अवघड आहे, असे कोणी म्हणू नये. मुंबई-मडगाव वंदे भारतचे तिकीट काढताना प्रवाशाला जेवण नको असल्यास तसे निवडता येते आणि तेवढी रक्कम भाड्यातून कमी होते. शेकडो प्रवासी, मोजके थांबे आणि धावती गाडी असताना रेल्वेला हे जमते, तर जागच्या जागी उभ्या असलेल्या हॉटेलाला न जमण्याचे कारण दिसत नाही. आरक्षण करतानाच प्रत्येक मुलापुढे ‘नाश्ता’, ‘दुपारचे जेवण’, ‘रात्रीचे जेवण’ असे तीन चौकोन द्यावेत आणि प्रत्येकाचा दर त्याच्यापुढे छापावा. ज्याला हवे तो खूण करील. पर्यटन विभागाने आणि हॉटेलचालकांच्या संघटनांनी याची सुरुवात निदान बारा वर्षांखालील मुलांपासून करावी, अशी माझी विनंती आहे.

आणि सुरुवात करायचीच, तर ती 31 डिसेंबरच्या ‘गाला डिनर’पासून करावी. त्या रात्रीच्या मुक्कामाला अनेक ठिकाणी हे जेवण सक्तीचे असते, त्याचे शुल्क खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त माणशी आकारले जाते आणि मुलांनाही त्यातून सूट असतेच असे नाही. रात्री नऊला वाढायला सुरुवात होऊन बारापर्यंत चालणाऱ्या या भोजनाचे पैसे साडेआठला दूधपोळी खाऊन झोपणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाकडून कशासाठी घेतले जातात, याचे उत्तर एखाद्या हॉटेलचालकाने आपल्या याच सदरातून दिल्यास मी आभारी होईन.

आपली विश्वासू,
एक वाचक, ठाणे