तक्रार पत्र: 'विषाणूमुक्त' म्हणून विकलेल्या द्राक्ष कलमांत लीफरोल विषाणू

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता नियंत्रण विभाग,
द्राक्ष कलम रोपवाटिका

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या रंगीत वाणाच्या कलमांवर यंदा पहिले भरीव पीक आले आणि त्याच हंगामात लीफरोलची (पाने लाल होऊन कडा वळणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) लक्षणे उघड झाली. आरटी-पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या) तपासणीत 'ग्रेपव्हाइन लीफरोल असोसिएटेड व्हायरस 3' निघाला आहे. अहवाल, पानांची छायाचित्रे आणि बाधित वेलींचा ओळनिहाय नकाशा सोबत जोडला आहे.

आपल्या प्रतिनिधींनी पाहणी करून 'पालाश (पोटॅश) कमी पडले आहे, फवारणी घ्या' असा सल्ला दिला. तो आम्हाला मान्य नाही. पालाश कमी पडले की पानाच्या कडा पिवळ्या पडून करपतात. इथे मण्यात पाणी उतरू लागल्यावर आधी काडीच्या बुडाची पाने लाल झाली आणि लाली हळूहळू वर चढत गेली. पान हातात घेतले तर दोन शिरांमधला भाग गडद लाल, पण मुख्य शिरा आणि उपशिरा स्वच्छ हिरव्या. कडा खालच्या बाजूला वळलेल्या, पान जाडसर, मुठीत दाबले की मोडणारे. देठ परीक्षणात पालाश पुरेसे आहे. शिवाय लाल वेलीला खेटून असलेली वेल त्याच खतावर आणि त्याच पाण्यावर हिरवीगार आहे.

खरे नुकसान घडात आहे. हा विषाणू अन्नवाहिन्यांत राहतो. पानात तयार झालेली साखर तिथेच अडकते, मण्यापर्यंत पुरेशी पोहोचत नाही. साखर उशिरा भरते, आम्लता उतरत नाही आणि सालीत रंगद्रव्य कमी बनते. एकाच ओळीतले, एकाच दिवशी काढलेले प्रत्येकी 100 मणी तपासले, तर निरोगी वेलींचा रस 22.4 ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) भरला आणि बाधित वेलींचा 18.6. घडाच्या आतल्या बाजूचे मणी गुलाबीच राहिले. काढणी पुढे ढकलावी, तर तोवर शेजारच्या निरोगी वेलीचे मणी मऊ पडतात. त्यामुळे ओळ एका दमात काढता येत नाही आणि माल एकसारखा निघत नाही.

छाटणीच्या कात्रीने रोग पसरला असावा, असेही आपण कळवले आहे. लीफरोल कात्रीने पसरत असल्याचा पुरावा नाही. तो पसरतो बाधित काडी किंवा खुंटातून (ज्या मुळाच्या रोपावर वाणाची काडी बांधतात त्यातून), आणि बागेत पिठ्या ढेकूण व मऊ खवले किडींमार्फत. किडीने आणलेला रोग बहुधा काठावरून किंवा एखाद्या जागेवरून शेजारच्या वेलींवर सरकत पुंजके करतो. नकाशा पाहा: बाधित वेली सगळ्या बागेत विखुरलेल्या आहेत, आणि आपल्या दोन खेपांपैकी एकाच खेपेच्या ओळींत आहेत. नांग्या भरताना (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावताना) त्या खेपेतले जे रोप दुसऱ्या ओळीत गेले, तेही लाल झाले आहे. रोग कलमासोबतच आला, असेच यावरून दिसते.

आपल्या प्रमाणपत्रावर 'मातृवेलींची (ज्यांवरून कलमासाठी काडी घेतात त्या वेलींची) दृश्य पाहणी' आणि 'काड्यांवर 50 अंश सेल्सियसला 45 मिनिटे गरम पाण्याची प्रक्रिया' असे लिहिले आहे. या प्रक्रियेने फायटोप्लाझ्मा (जीवाणूंसारखे सूक्ष्म रोगकारक) आणि काही किडी आटोक्यात येतात, विषाणू जात नाही. विषाणू काढायचा तर उष्णता उपचार आणि त्यानंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या शेंड्यापासून ऊतीसंवर्धन करावे लागते, आणि तयार झालेली रोपे पुन्हा तपासावी लागतात. दृश्य पाहणीही इथे अपुरी आहे. खुंटावर हा विषाणू बहुधा लक्षण दाखवत नाही, पांढऱ्या वाणांत ते अस्पष्ट असते. म्हणून डोळा काडी (वाणाची काडी) आणि खुंट, दोन्हींच्या मातृवेली प्रयोगशाळेत तपासलेल्या हव्यात.

प्रतिनिधींनी नेलेले नमुने फुटीनंतर काही आठवड्यांनी, शेंड्याकडच्या कोवळ्या पानांचे होते. त्या वेळी तिथे विषाणूचे प्रमाण फार कमी असते आणि वेलीत तो सारखा पसरलेलाही नसतो. त्यामुळे त्या 'नकारात्मक' अहवालाला आम्ही अर्थ देत नाही. हंगामाच्या शेवटी बुडाच्या पानांचे देठ, किंवा विश्रांतीच्या काळात पक्व काडीच्या सालीखालचा खरवड घ्यावा, वेलीच्या वेगवेगळ्या ओलांड्यांवरून (आडव्या मुख्य फांद्यांवरून) घ्यावा आणि दोन्ही पक्षांसमोर घ्यावा.

बाधित वेल कोणत्याही फवारणीने बरी होत नाही. ती जितके दिवस उभी राहील तितके दिवस पिठ्या ढेकणांना विषाणूचा साठा मिळत राहील, म्हणून पुढील गोष्टींत उशीर चालणार नाही. या खेपेच्या डोळा काडी आणि खुंट, दोन्हींच्या मातृवेलींचे आरटी-पीसीआर अहवाल, तारखेसह, 15 दिवसांत द्यावेत. वेली मुळांसकट उपटण्याचा खर्च द्यावा, कारण जमिनीत उरलेल्या जाड मुळांत विषाणू टिकतो आणि पिठ्या ढेकूणही तग धरतात. तपासलेली बदली कलमे आणि ती फळावर येईपर्यंतच्या उत्पन्नाची भरपाई द्यावी. याच मातृवेलींची कलमे ज्या बागांत गेली आहेत त्यांना आजच कळवावे आणि त्या वेलींवरून काडी घेणे थांबवावे.

मुदतीत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक म्हणून उपलब्ध असलेल्या कायदेशीर मार्गाने दाद मागू.

आपले,
कलम खरेदीदार बागायतदार

सोबत: प्रयोगशाळा अहवाल, ओळनिहाय नकाशा, देठ परीक्षण अहवाल, छायाचित्रे, खरेदी पावती