मुलाखतीआधी बालाजीला

जालना
मंगळवार, १९ मे, रात्रीचे साडेदहा

प्रिय बालाजी,

तुझा फोन तीनदा कटला आणि चौथ्यांदा लागलाच नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. तसंही फोनवर सांगितलं असतं तर तू "हो हो, कळलं" म्हणून मोकळा झाला असतास. मामा उद्या सकाळच्या गाडीनं लातूरला निघालेत, तिथून लग्नासाठी निलंग्याकडं येणारेत. वाटेत तुमच्या फाट्यावर उतरून पत्र तुझ्या हातात देतील. बियाणे कंपनीतल्या फिल्डच्या नोकरीची तुझी फोनवरची मुलाखत शुक्रवारी अकराला. म्हणजे तुझ्याकडं गुरुवारचा आख्खा दिवस राहतो. तेवढा पुरे आहे.

आधी माझं ऐक. दोन वर्षांपूर्वी माझी मुलाखत फोनवरच झाली होती, हे तुला माहीत आहे. तिथं काय घडलं ते मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. परभणीच्या खोलीत बसलो होतो. वीस मिनिटं सगळं व्यवस्थित चाललं. बीजोत्पादनाचं विचारलं, विलगीकरण अंतर, म्हणजे दोन वाणांच्या प्लॉटमधलं अंतर, विचारलं, गाडी चालवता येते का विचारलं. शेवटी साहेब म्हणाले, "पगाराची अपेक्षा किती?" मी ठरवल्याप्रमाणं बावीस हजार म्हणालो. पलीकडून काहीच आवाज नाही. तीन-चार सेकंदं गेली असतील. मला वाटलं, जास्त मागितले, आता फोन ठेवतात. आणि मीच बोललो, "सर, अठरा पण चालेल." ते म्हणाले, "बरं." नोकरी लागली ती अठरावर.

सहा महिन्यांनी तेच साहेब प्लॉट बघायला आले होते. बांधावर चहा पिताना मी धीर करून विचारलं. ते म्हणाले, "अरे, मी तुझा आकडा वहीत लिहीत होतो. बावीस लिहून झालं होतं. तू अठरा म्हणालास म्हणून खोडलं."

महिन्याचे चार हजार म्हणजे वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार. त्याच वर्षी ताईच्या नर्सिंगच्या फीसाठी आमच्या घरी उसनवारी करावी लागली. त्या चार सेकंदांचा विचार मी अजून करतो, आणि तुझ्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही एवढ्यासाठीच रात्री जागून हे लिहायलोय.

समोरासमोर बसलं की साहेब लिहितायत हे दिसतं. मान हलवतात ते दिसतं, पाण्याचा घोट घेतात ते दिसतं. फोनवर यातलं काहीच कळत नाही, आणि जे कळत नाही तिथं आपण आपलीच भीती भरतो. तुझं उत्तर संपलं की पलीकडं शांतता होणारच. ते लिहीत असतील, शेजारच्या माणसाला खुणेनं काही सांगत असतील, पुढचा प्रश्न शोधत असतील. मोबाईलवर आवाज पोचायलाही किंचित उशीर लागतो, तेवढ्यानंही दोघं एकदम बोलायला लागतात. म्हणून उत्तर संपलं की मनात पाचपर्यंत मोज. पाचनंतरही शांतता असली तर फक्त एवढं म्हण, "सर, आवाज येतोय ना?" दिलेल्या उत्तराला ठिगळ लावू नकोस.

आता जागेचं. वरच्या वावरात लिंबाखाली रेंज चांगली येते, पण मे महिन्याचा वारा माइकमध्ये घुसला की पलीकडं नुसता घोंघाट ऐकू जातो. तुमच्या जुन्या माळवदाच्या खोलीत भिंती एवढ्या जाड की रेंज मरते. तू मावशीकडं औशाला जा. तिच्या आतल्या खोलीत वाकळांची चळत आहे, तिथंच बस. वाकळा आवाज शोषून घेतात, खोली घुमत नाही. मावशीला सांगून कुकर आणि मिक्सर अकरा ते बारा बंद ठेव. शुक्रवारी तिकडं लाईट कधी जाते तेही विचारून घे, कारण गावातली लाईट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही उतरते आणि रेंज आहे-नाहीच्या मधे लटकते. स्पीकरवर बोलू नकोस, फोन कानाला लाव. आणि बसून राहण्यापेक्षा उभा राहून बोल. माझा तरी आवाज उभा राहिलं की पोटातून निघतो.

एक गोष्ट मला इथं ऑफिसात रोज फोन घेताना कळली. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. 'स'चा जो सळसळाट असतो तो बराचसा त्याच्या वर, म्हणून तोच कापला जातो. मग 'साठ'चं 'आठ' होतं. गेल्या खरिपात एका डीलरनं साठ बॅगा सांगितल्या आणि आमच्या ऑफिसातल्या पोरानं आठ लिहिल्या. तुझ्या फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरून कॉल करायची सोय, चालू आहे का बघ. दोन्हीकडं ते असलं तर जवळपास ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो आणि बोलणं स्वच्छ येतं. तरी आकडे फोडून सांग. "साठ, सहा-शून्य." सोयाबीनच्या वाणाचं नाव घेताना "एमएयूएस एकाहत्तर, सात-एक." हे ऐकणाऱ्याला आवडतं, कारण आमच्या धंद्यात आकडा चुकला की अख्खा लॉट चुकतो.

दुसरं, तू वाक्याचं शेपूट गिळतोस. मीही गिळायचो, आपल्याकडं सगळेच गिळतात. समोर बसलेल्याला तोंड दिसतं म्हणून भागतं. पण मराठीत सगळा फैसला शेवटच्या शब्दावर असतो बघ. "मला प्रोसेसिंगचं काम येत…" इथं आवाज बुडाला तर पुढं 'होतं' होतं की 'नाही' होतं, हे ऐकणाऱ्यानं कसं ओळखायचं? बुधवारी रात्री फोनच्या रेकॉर्डरवर स्वतःची ओळख दोन मिनिटं बोल आणि ऐक. पहिल्यांदा ऐकताना नको वाटेल. तिसऱ्यांदा ऐकताना कोणते शब्द बुडतायत ते नेमकं कळेल.

भाषेची तू फार काळजी करायलास, ती कर पण बेतानं. सुरुवात बहुतेक इंग्रजीत होईल. स्वतःबद्दल सांगा, हा पहिला प्रश्न असतो. तेवढं उत्तर इंग्रजीत तयार ठेव, दीड मिनिटाच्या वर नको. गाव, शिक्षण, बीजोत्पादनाचा अनुभव आणि ही नोकरी का हवी, एवढंच. पाठ करून घडाघडा म्हणू नकोस आणि कागदावरून वाचू तर अजिबात नकोस, वाचलेलं लगेच ओळखू येतं. कागदावर फक्त पाच-सहा शब्द मोठ्या अक्षरात लिही. पुढं शेतीचं विचारायला लागले की सरळ म्हण, "सर, हे मराठीत सांगितलं तर चालेल का?" इथले साहेब लोक रोज शेतकऱ्यांशीच बोलतात, त्यांना तेच हवं असतं. हिंदीत विचारलं तर आपल्या दखनी वळणाच्या हिंदीत निवांत बोल. त्यात कमीपणा कसला?

आता मुख्य. तुला विचारतील, "शेतकरी म्हणतो बियाणं उगवलं नाही. काय कराल?" फिल्डच्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. याचं उत्तर तुझ्याइतकं चांगलं क्वचितच कुणी देईल, आणि तू मात्र परवा मला म्हणालास, "माझ्याकडं सांगण्यासारखं काय आहे?"

२०२० आठव. लॉकडाऊनमुळं तू घरीच होतास. तुमच्या चार एकरांतलं सोयाबीन उगवलंच नाही. आपल्या भागातून कृषी खात्याकडं तक्रारींचा पाऊस पडला, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरात ऐन काढणीत पाऊस झाला होता आणि बियाण्यासाठी ठेवायचं सोयाबीन रानातच भिजलं होतं, हे तूच मला समजावलंस. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ. भिजलं, जोरात मळलं, पोत्यावर पोती रचली की आतला अंकुर दुखावतो आणि वरून दाणा चांगलाच दिसतो. त्या जूनमध्ये तू बॅगेची चिठ्ठी, पावती आणि तळाचं मूठभर बियाणं जपून ठेवलं होतंस, म्हणून तालुक्याची समिती पंचनाम्याला आली तेव्हा तुमच्याकडं दाखवायला काहीतरी होतं. शेजारच्यांनी पिशव्या बाभळीवर फेकून दिल्या होत्या.

आणि दुबार पेरणीच्या आधी, जे पेरायचं त्या बियाण्याचे शंभर दाणे तू ओल्या गोणपाटावर ठेवलेस, दहा-दहाच्या ओळीत. गुंडाळी करून रोज पाणी शिंपडलंस. सहाव्या दिवशी मोजलेस तर त्र्याहत्तर उगवले होते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. तुला ते हातानं कळलं होतं. अण्णांनी ते गोणपाट उघडलं तेव्हाचा त्यांचा चेहरा तू मला फोनवर सांगितला होतास. तो चेहरा मला न बघताही दिसला, म्हणून म्हणतो, तुला फोनवर सांगता येतं.

तर हेच सांग, याच क्रमानं. आधी शेतकऱ्याचं ऐकून घेईन. मग रानात जाऊन दाणा उकरून बघीन, किती खोल पडलाय ते. तीन-चार सेंटिमीटरच्या खाली गेला असेल तर त्याला वर यायला जड जातं. पेरणीआधी पाऊस किती झाला होता ते विचारीन, ७५ ते १०० मिलिमीटर झाला होता का. बॅगेवरचा लॉट नंबर लिहून घेईन, त्याच लॉटचं दुसरीकडं कसं उगवलंय ते बघीन. बियाण्याचा दोष दिसला तर तसं कंपनीला कळवीन, लपवणार नाही. शेवटचं वाक्य आवाज न बुडवता बोल.

पुढचे प्रश्न सोपे आहेत. बियाण्याच्या दर्जाप्रमाणं बॅगेवरच्या चिठ्ठ्यांचे रंग विचारतील : पैदासकार बियाण्याला पिवळी, पायाभूतला पांढरी, प्रमाणितला निळी, सत्यप्रतला हिरवी. सोयाबीनचं विलगीकरण अंतर ३ मीटर. भेसळ कशी काढाल म्हणाले तर फुलांच्या रंगाचं सांग, जांभळ्या फुलांच्या वाणात पांढऱ्या फुलाचं झाड दिसलं की उपटायचं, हे तू दोन हंगाम केलंयस. सोयाबीनवर आलेल्या २०२२ च्या गोगलगायी आणि २०२३ चा पिवळा मोझॅक रोग यावर दोन-दोन वाक्यं तयार ठेव. जालन्याबद्दल विचारलंच तर एवढं माहीत असू दे की बद्रीनारायण बारवालेंनी १९६४ मध्ये इथं महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. गाव बियाण्याचं का झालं, त्याची सुरुवात तिथं आहे.

पगाराला परत येतो. ते वर्षाचं पॅकेज सांगतील, त्यात कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो. समज, मूळ पगार १२,००० आहे. त्याच्या १२ टक्के म्हणजे १,४४० तुझे कापले जातात आणि तेवढेच कंपनी घालते. म्हणून "हातात किती पडतील, सर?" हे विचार. दुसरं विचार ते पेट्रोलचं : किलोमीटरमागं किती देतात आणि कधी देतात. फिल्डच्या माणसाचा अर्धा पगार गाडीच्या टाकीत जातो, हे मी भोगलंय. तुझा आकडा चोवीस ठेव. बाजारात तो बसतो, मी चार जणांना विचारून सांगायलोय.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, तुमच्या रानात आंबील पिताना अण्णा मला म्हणाले होते, "याला जरा बोलायला शिकव, पोरगं हुशार आहे पण तोंड उघडत नाही." मी तेव्हा मान हलवली. मला वाटतं त्यांचं तेवढं बरोबर नाही. तू जेवढं माहीत आहे तेवढंच बोलतोस, आणि या कामाला तसाच माणूस लागतो.

गुरुवारी रात्री आठला मी तुला फोन करीन. मेसवाल्या काकांच्या फोनवरून, म्हणजे तुला अनोळखी नंबर दिसेल. मी साहेब म्हणून बोलीन, तूही मला सर म्हणायचं, हसायचं नाही. सगळं विचारून झालं की शेवटी पगाराचं विचारीन. तू चोवीस सांग. मग मी गप्प राहीन, बराच वेळ. तूही राहा.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
माधव

ता. क. तू अनोळखी नंबर उचलत नाहीस. शुक्रवारपर्यंत उचल. ०२४८२ नं सुरू होणारा नंबर दिसला तर तो जालन्याचा. मामांकडं माझा जादाचा चार्जर दिलाय, तुझा सैल झालाय म्हणाला होतास.