कुलपाचा पोर्ट शोधून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं काका. कोथरूडहून भर पावसात, दोन बस बदलून, सलग दोन संध्याकाळी तुम्ही आमच्या शाळेच्या संगणक कक्षात आलात. शेवटची बस गाठायची होती म्हणून दारातच निरोप घेतलात आणि आभार राहून गेले.

आमच्या बारा यंत्रांपैकी एकातही हार्ड डिस्क नाही. सुरू होतात तीच नेटवर्कवरून. सिस्टीमही सर्व्हरवर आणि मुलींचे होम फोल्डरही तिथेच, एनएफएसने, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरू देणाऱ्या पद्धतीने, जोडलेले. जुलैत एका रात्री वीज गेली, सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला आणि दुसऱ्या दिवसापासून फायरफॉक्स उघडेना. चिन्हावर क्लिक केलं की गोल फिरत राहायचं, खिडकी यायचीच नाही. बाकी सगळं ठणठणीत: टर्मिनल, एडिटर, फाइल सेव्ह करणंसुद्धा. मराठी विश्वकोशातल्या नोंदी वाचायला बसलेल्या आठवीच्या मुली तास संपेपर्यंत वाट बघत राहायच्या, ते बघवत नव्हतं.

मी दोन आठवड्यांत फायरफॉक्स पुन्हा टाकला, प्रोफाइल पुसले, केबली बदलल्या, स्विच बदलला. जो तो म्हणे, जुनी यंत्रं आहेत, भंगारात काढा. मलाही ते पटायला लागलं होतं.

तुम्ही आल्यावर कशालाच हात लावला नाहीत. एवढंच विचारलंत, "तो अडकतो तेव्हा कशाची वाट बघत असतो?" इतक्या दिवसांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. कीबोर्ड माझ्याच हातात ठेवून तुम्ही मला एस-ट्रेस, म्हणजे प्रोग्रॅम सिस्टीमकडे काय काय मागतो ते ओळीओळीने दाखवणारं साधन, चालवायला लावलंत. शेवटची ओळ कुलपाची होती. प्रोफाइल उघडताना फायरफॉक्स 'पॅरेंटलॉक' नावाच्या फाइलवर कुलूप मागतो, म्हणजे तेच प्रोफाइल त्याच वेळी दुसरीकडे उघडू नये. ते मागितलं होतं आणि उत्तर आलं नव्हतं. मग तुम्ही फायरफॉक्स बाजूलाच ठेवलात. 'फ्लॉक' ही फाइलवर नुसतं कुलूप मागणारी साधी आज्ञा आधी मेमरीतल्या टेम्प फोल्डरमध्ये चालवली, तिथे क्षणात झाली. होम फोल्डरमध्ये चालवली, तर कर्सर तिथेच थिजला. मी ज्याला दोन आठवडे दोष देत होते, त्या ब्राउझरचा यात काही संबंधच नव्हता.

एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत फाइल वाचणं-लिहिणं एका सेवेकडे आणि कुलपं दुसऱ्याच सेवेकडे असतात, हे तुम्ही फळ्यावर काढून दाखवलंत. फाइलींचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या त्या सेवेच्या दाराचा क्रमांक, ठरलेला, २०४९. कुलपांच्या सेवेचा पोर्ट मात्र ठरवून दिला नसेल, तर ती सुरू होताना मिळेल तो घेते. कोणत्या पोर्टला वाट द्यायची ते ठरवणाऱ्या आमच्या फायरवॉलमध्ये कधीतरी त्या दिवशीचा आकडा उघडून ठेवलेला होता. वीज गेली, सेवा नव्या पोर्टवर बसली आणि फायरवॉलने तिची दारं बंद केली. कोणती सेवा कोणत्या पोर्टवर आहे ते सांगणाऱ्या आरपीसीइन्फोच्या यादीत नवा आकडा बघितला तेव्हा मला अक्षरशः हायसं वाटलं.

होम फोल्डर जोडताना 'नोलॉक', म्हणजे सर्व्हरकडे कुलूप मागूच नका, असं लिहून पाच मिनिटांत मोकळं होता आलं असतं. तो पर्याय मीच सुचवला होता. तुम्ही नाही म्हणालात, कारण मग प्रत्येक यंत्राचं कुलूप त्या यंत्रापुरतंच उरतं. एकाच मुलीचं खातं दोन यंत्रांवर उघडलं गेलं, तर दोन्हीकडून एकाच डेटाबेसमध्ये लिहिलं जाईल आणि तिचे बुकमार्क बिघडतील. आमच्याकडे हे रोज होतं. मैत्रिणी एकमेकींचे पासवर्ड सांगतात. कुलपांचा पोर्ट कायमचा ठरवून फायरवॉलमध्ये उघडायला दुसरी संध्याकाळ गेली, ती याचसाठी. ज्या मुलींना तुम्ही कधी भेटलाही नाहीत, त्यांच्या बुकमार्कची एवढी काळजी केलीत, याचं मोल मला फार वाटतं.

चौथ्या आवृत्तीत कुलपं त्याच २०४९ मधून जातात, तेव्हा होम फोल्डर तिकडे न्या, असं तुम्ही सुचवलंत. दिवाळीच्या सुट्टीत ते करणार आहे. फळ्यावरची तुमची आकृती मी वहीत उतरवून घेतली आहे. आणि परवा आठवीतल्या दोघींनी बाराही यंत्रांवर 'फ्लॉक' चालवून बघितलं. प्रत्येक यंत्रापुढे वेळ लिहिली आहे. एकाही ठिकाणी सेकंद लागला नाही. तो कागद या पत्राला जोडला आहे.

आपली,
संगणक शिक्षिका, पुणे