निल्या, दुबईला निघायच्या आधी हे वाच

कोल्हापूर, गुरुवार रात्र

प्रिय निल्या,

काल फोनवर तू घाईत होतास आणि व्हॉट्सॲपवर एवढं लांब टाईप केलं की तू अर्ध्यातच सोडतोस, म्हणून सरळ मेल करतोय. कामं आटोपली की चहा घेऊन निवांत वाच. तू म्हणालास, "व्हीपीएन टाकलंय रे फोनमध्ये, फ्रीवालं, आता हॉटेलचं वायफाय बिनधास्त वापरायचं." व्हीपीएन, म्हणजे आपलं नेट झाकून नेणारं ॲप. त्या बिनधास्तवरनं मला रात्री झोप लागेना. तुझ्या एकट्याचं असतं तर एवढं लिहिलं नसतं, पण तू ग्रुप घेऊन चाललायस, तुझ्या लॅपटॉपमध्ये २२ माणसांचे पासपोर्ट आहेत, पॅनकार्ड आहेत, व्हिसाचे कागद आहेत, आणि त्यातली निम्मी माणसं आपल्या आईवडिलांच्या वयाची, "नीलेश बघतोय ना सगळं" एवढ्या एका वाक्यावर कागद देऊन मोकळी झालेली.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती, आज सांगतो. गेल्या वर्षी मी एका विमानतळावर अडकलो होतो, फ्लाईट तीन तास लेट, तारीख १९, आणि २० ला दोन क्लायंटची थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची मुदत. मोबाईलला रेंज असून नेट सरकत नव्हतं. वायफायच्या यादीत जवळजवळ सारख्याच नावाची दोन नेटवर्क दिसली, त्यातलं एक बिनपासवर्डचं, नावाच्या शेवटी फ्री असं लिहिलेलं, ते दाबलं. पान उघडलं, वर विमानतळाचा फोटो, खाली 'ईमेलने लॉगिन करा'. मी जीमेल टाकला, पासवर्ड टाकला, गोल फिरलं आणि नेट चालू झालं. नेट खरंच चालू झालं म्हणूनच मला शंका आली नाही बघ. रिटर्न भरलं, विमानात बसलो, विषय डोक्यातनं गेला.

चार दिवसांनी इचलकरंजीच्या आपल्या यंत्रमागवाल्या शेठजींचा फोन. "साहेब, तुमचं बँकेचं खातं बदललं काय?" मी म्हणलं नाही, का? तर त्यांना माझ्याच आयडीवरनं मेल गेला होता, मी पाठवलेल्या फीच्या बिलालाच रिप्लाय करून, रक्कम तीच ३८ हजार, फक्त खातं नंबर दुसरा. ते म्हणाले, तुम्ही कायम मराठीत लिहिता आणि हा मेल इंग्रजीत आला म्हणून विचारलं. मी जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर तिथं एक फिल्टर करून ठेवलेला, शेठजींच्या पत्त्यावरनं काहीही आलं की थेट कचऱ्यात, म्हणजे त्यांनी मेलवर विचारलं असतं तर मला कळलंच नसतं. तो फिल्टर स्क्रीनवर बघताना हात गार पडले होते माझे. आपल्या घरात कोणीतरी चार दिवस राहून गेलंय आणि जाताना दाराची कडी स्वतःच्या सोयीनं बसवून गेलंय असं वाटलं.

आता तू म्हणशील, तेव्हा व्हीपीएन असतं तर? निल्या, असतं तरी हेच झालं असतं. पासवर्ड मी माझ्या हातानं लिहून दिला, आणि तोही व्हीपीएन जोडायच्या आधीच्या पानावर. हेच तुला सांगायचंय, बाकी सगळं पत्र त्याच्याभोवती आहे.

असं करणारे लोक खरंच असतात. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये पोलिसांनी एका माणसावर आरोप ठेवले. पर्थ, मेलबर्न आणि ॲडलेडच्या विमानतळांवर आणि चक्क विमानात बसून तो खऱ्यासारख्या नावाचं खोटं वायफाय सोडायचा, लोक जोडले की ईमेल नाहीतर सोशल मीडियाचं लॉगिन मागायचा. विमानात अनोळखी नेटवर्क दिसतंय हे एअरलाईनच्या स्टाफच्या लक्षात आलं म्हणून सापडला. सामान बघितलं तर एक छोटं यंत्र, एक लॅपटॉप आणि एक मोबाईल. आपल्या रेल्वे स्टेशनवरचं रेलवायरचं वायफाय बघ, मोबाईल नंबर मागतं, ओटीपी येतो, संपलं. वायफाय द्यायला तुझ्या जीमेलचा पासवर्ड कुणालाही लागत नाही. पान पासवर्ड मागतंय म्हणजे तिथनं उठायचं, दुसरा विचार करायचा नाही.

मग व्हीपीएन नेमकं करतं काय? आपण पुण्याला एसटीच्या कंडक्टरकडं डबा द्यायचो आठवतंय? डब्याला फडकं बांधलेलं असलं तरी पत्ता वर असायचा, कुणाचा डबा कुणाकडं चाललाय ते गाडीतल्या सगळ्यांना दिसायचं. व्हीपीएन म्हणजे तोच डबा एका कुलूपबंद पेटीत घालून द्यायचा, पेटीवर फक्त स्वारगेटच्या आपल्या माणसाचं नाव. तो तिथं पेटी उघडतो, आतला पत्ता बघतो आणि डबा पुढं पाठवतो. कोल्हापूर ते स्वारगेट कंडक्टरला, शेजारच्या सीटवाल्याला, कुणालाच काही कळत नाही. पण स्वारगेटच्या माणसाला सगळे पत्ते कळतात, आणि तिथनं पुढं डबा नेहमीसारखाच जातो. म्हणजे हॉटेलच्या वायफायवरचा विश्वास काढून तो तू व्हीपीएन कंपनीवर ठेवलास. आणि पत्ताच चुकीचा लिहिलास, म्हणजे बँकेच्या खोट्या साईटवर गेलास, तर पेटी कितीही भक्कम असू दे, डबा चोराच्याच घरी पोचणार.

उगाच घाबरवायचं नाहीये मला. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन आलं होतं, कॅफेत बसून शेजारच्याचं फेसबुक एका क्लिकवर उघडायचं, कारण तेव्हा लॉगिन झाल्यावर पुढचं सगळं उघड्यावरनं जायचं. आता तसं राहिलं नाही, बँक, मेल, जीएसटी पोर्टल, व्हॉट्सॲप सगळं आधीच कुलूपबंद असतं, त्यामुळं कॅफेतला पोरगा तुझे मेसेज वाचतोय वगैरे जे जाहिरातीत दाखवतात ते आज बहुतेक होत नाही. पण तू कुठल्या साईटवर गेलास ते नाव वायफायवाल्याला अजूनही दिसतं, आणि वायफायच ज्याच्या ताब्यात आहे तो तुला खोटी पानं दाखवायचा प्रयत्न करू शकतो. अँटीव्हायरसवाल्या कॅस्परस्कीनं २०१४ मध्ये डार्कहॉटेल नावाचं एक प्रकरण बाहेर काढलं होतं. आशियातल्या मोठ्या हॉटेलांत उतरलेल्या साहेबलोकांनी रूमचं वायफाय जोडलं की सॉफ्टवेअर अपडेट करा असं यायचं, आणि अपडेट केलं की लॅपटॉप गेला. म्हणून हॉटेलच्या वायफायवर अपडेटची खिडकी आली तर सरळ बंद कर. सगळे अपडेट निघायच्या आधी घरच्या नेटवर उरकून घे.

आता क्रम नीट ध्यानात घे, कारण इथंच सगळ्यांची गडबड होते. वायफाय जोडलं की आधी हॉटेलचं लॉगिनचं पान येतं, रूम नंबर, आडनाव वगैरे, ते होईपर्यंत व्हीपीएन जोडलं जात नाही. आणि मधल्या त्या अर्ध्या मिनिटात फोनमधली सगळी ॲप्स नेट मिळालं रे मिळालं की धावत सुटतात, पेटी यायच्या आधीच. अँड्रॉइडला यावर सोय आहे. सेटिंगमध्ये व्हीपीएन शोध, नावाशेजारचं चक्र दाब, 'ऑलवेज-ऑन' चालू कर, आणि त्याच्या खालचं 'व्हीपीएनशिवाय कनेक्शन ब्लॉक' तेही चालू कर. मग व्हीपीएन तुटलं तर नेटच थांबतं, उघड्यावर काही जात नाही. त्यामुळं कधीकधी लॉगिनचं पानच उघडत नाही, तेव्हा ते दुसरं बटण मिनिटभर बंद कर, लॉगिन कर, लगेच परत चालू कर. लॅपटॉपला व्हीपीएनच्या ॲपमध्येच किल स्विच म्हणून असतं, व्हीपीएन तुटलं की नेट थांबवणारं, ते लाव. आणि विंडोजला विचारलं की हे नेटवर्क कसलं, तर दरवेळी पब्लिक सांग, म्हणजे शेजारच्या रूममधल्या लॅपटॉपला तुझा लॅपटॉप दिसत नाही.

तुझं ते फ्रीवालं ॲप आजच काढून टाक. खरंच, हे वाचताना काढ. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेच्या आणि विद्यापीठांच्या संशोधकांनी अँड्रॉइडची २८३ व्हीपीएन ॲप्स तपासली होती. ३८ टक्क्यांत मालवेअरच्या, म्हणजे घातक सॉफ्टवेअरच्या, खुणा सापडल्या आणि १८ टक्के ॲप्स तर एन्क्रिप्शन करतच नव्हती, म्हणजे पेटीला कुलूपच नाही! फेसबुकनं २०१३ मध्ये ओनाव्हो नावाची कंपनी घेतली, तिचं व्हीपीएन ॲप फुकट, आणि लोक फोनवर कुठली ॲप्स किती वापरतात ते त्यातनं फेसबुकला कळायचं, २०१८ मध्ये ॲपलनं आक्षेप घेतल्यावर ते स्टोअरवरनं काढावं लागलं. सर्व्हरचा खर्च असतो रे, तो कुठनं तरी निघतोच.

पैसे घालणार असशील तर स्वीडनचं मुलव्हाड बघ, महिन्याला ५ युरो, २००९ पासनं तोच भाव, नाव नाही ईमेल नाही, नुसता एक खाते नंबर देतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथले पोलीस वॉरंट घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले होते, ग्राहकांची माहिती ठेवलेलीच नव्हती म्हणून रिकाम्या हातानं परतले. मला ही एक गोष्ट शंभर जाहिरातींपेक्षा पटते. आणि फुकटच पाहिजे असेल तर प्रोटॉनचं फ्री घे, डेटाची मर्यादा नाही, पण एका वेळी एकच डिव्हाइस आणि देश आपल्याला निवडता येत नाही. तिथं खर्च पैसे भरणाऱ्या लोकांतनं निघतो, तुझ्या माहितीतनं नाही. एक मात्र लक्षात ठेव, यादीत इंडिया लिहिलेलं दिसलं तरी तो सर्व्हर भारतात असेलच असं नाही. सर्ट-इननं, म्हणजे आपल्या सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेनं, २८ एप्रिल २०२२ ला व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितली, तेव्हा बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हर उचलले आणि सिंगापूरसारख्या ठिकाणाहून भारताचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, द्यायला लागल्या.

आता दुबई. हे नीट वाच. तिकडं व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, मेसेज जातात, कॉल नाही. आणि ग्रुपमधल्या कुणाचा तरी मुलगा हमखास सांगणार, व्हीपीएन लावा की लागतो. तू ते करू नकोस आणि कुणाला करूही देऊ नकोस. अमिरातीत व्हीपीएनवर सरसकट बंदी नाही, कंपन्या आणि बँका वापरतात, पण त्यांच्या २०२१ च्या सायबर कायद्यात आयपी लपवून गुन्हा केला किंवा लपवला तर कैद आणि ५ लाख ते २० लाख दिरहॅम दंड आहे, आणि तिकडं बंद असलेली सेवा व्हीपीएननं उघडणं त्यात धरलं जाऊ शकतं. नातवाशी बोलायच्या नादात एखाद्या आजोबांना हे नको. काकूंना आधीच बोटिम नावाचं कॉलचं ॲप टाकून दे, ते तिकडं चालतं, घरच्यांच्या फोनमध्येही टाकायला सांग. तू मेलसाठी, बुकिंगच्या पोर्टलसाठी व्हीपीएन वापर, कॉलसाठी नाही.

पैशाचं काम मात्र वायफायवर नकोच, व्हीपीएन असलं तरी नको. हॉटेलला बॅलन्स पाठवायचा आहे, बसवाल्याला द्यायचेत, वायफाय बंद कर आणि सिमच्या नेटवर कर. आपल्या सिमचं रोमिंग असलं की नेट बहुतेक करून आपल्याच कंपनीतनं फिरून येतं, बँकेला तू भारतातलाच दिसतोस. उलट व्हीपीएनवरनं गेलास की सकाळी दुबई, दुपारी सिंगापूर असं दिसतं आणि बँकेचं ॲप लॉक होतं, मग २२ माणसांची बस दारात उभी आणि तू कस्टमर केअरला होल्डवर. त्या चार दिवसांचा डेटा पॅक घे, खर्च ग्रुपच्या हिशोबात धर, मी सीए नसलो तरी एवढं सांगू शकतो की तो खर्च योग्य आहे.

आणि जीमेलला टू-स्टेप लाव, म्हणजे पासवर्डनंतर एक कोडही मागतं, आजच. माझ्याकडं ते असतं तर चोराच्या हातात नुसता पासवर्ड होता, त्यावर तो आत शिरू शकला नसता. कोड एसएमएसवर न घेता ऑथेंटिकेटर ॲपवर घे, तिकडं रेंजचं काही सांगता येत नाही. पासपोर्टचे स्कॅन डेस्कटॉपवर उघडे पडलेत तुझ्या, मी दिवाळीत बघितलेत, 'दुबई फायनल' नावाचा फोल्डर. ते पासवर्डवाल्या फाइलमध्ये टाक. रिसेप्शनवरचा पोरगा "सर, माझ्या व्हॉट्सॲपवर सगळ्यांचे पासपोर्ट टाका" म्हणाला तर म्हणायचं, हॉटेलच्या ऑफिशियल मेलवर पाठवतो.

काका-काकूंना एवढं सगळं सांगून उपयोग नाही. मुंबईला विमानतळावर चेक-इन झालं की सगळ्यांचे फोन घेऊन बस, वायफायचं आपोआप जोडणं बंद करून दे, आणि प्रत्येकाला सांग की वायफायचं पान नंबर आणि ओटीपी सोडून काहीही मागायला लागलं तर फोन नीलेशकडं आणून द्यायचा. एवढं ते नक्की ऐकतील, तुझं ऐकतातच.

रविवारी सकाळी लॅपटॉप आणि दोन्ही फोन घेऊन घरी ये. दोन तासांचं काम आहे, मी बसून सगळं करून देतो, मग खाली जाऊन मिसळ खाऊ. येताना पासपोर्टची ती फाइल कुठल्या पेनड्राइव्हवर दुसरीकडं आहे का तेही आठवून ये, मला वाटतंय तू एक कॉपी ट्रॅव्हल एजंटच्या पोराला दिली होतीस, ती परत मागून घ्यावी लागेल.

तुझा,
मंग्या