उषाचा शतांश आणि आपला ‘दुर्दैवी’ मथळा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात क्रीडा पानावर पी. टी. उषावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितो आहे. मथळ्यात ‘दुर्दैव’, पहिल्याच परिच्छेदात ‘नशिबाची थट्टा’, आणि शर्यत कोणती? तर ‘४०० मीटर’! लॉस एंजेलिसला ८ ऑगस्ट १९८४ रोजी उषा चौथी आली ती ४०० मीटर अडथळा शर्यतीत. हे अडथळे गाळून त्या शर्यतीबद्दल काही बोलताच येत नाही.

पहिला अडथळा ४५ मीटरवर, पुढचे नऊ दर ३५ मीटरला, शेवटच्यानंतर ४० मीटर मोकळे. महिलांसाठी उंची ७६.२ सेंटीमीटर. दोन अडथळ्यांमधलं अंतर १५ पावलांत कापलं तर प्रत्येक वेळी तोच पाय पुढे येतो. सातव्या-आठव्या अडथळ्यापाशी दम संपत येतो, पाऊल आखूड पडतं आणि १५ ची १६ होतात. मग दुसऱ्या पायाने उडी घ्यावी लागते. तो पाय तयार नसेल तर मुलगी अडथळ्याच्या तोंडाशी पावलं बारीक करते आणि तिथेच वेग मोडतो. वळणावर आणखी एक अडचण. डावा पाय पुढे टाकणारीला आतल्या रेषेला चिकटून धावता येतं. उजवा पुढे असेल तर मागून येणारा डावा पाय अडथळ्याच्या बाहेरून, वरच्या पट्टीखालून जाण्याची भीती, आणि तसा गेला की ती बाद. हे सगळं अंगात मुरायला शर्यतींमागून शर्यती धावाव्या लागतात.

उषाकडे त्या किती होत्या? १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ती १०० मीटर धावली. १९८२ च्या दिल्ली आशियाडमध्ये १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्य. तिथे अडथळ्यांचं सुवर्ण एम. डी. वल्सम्माचं होतं. १९८३ मध्ये कुवेतला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उषाने सुवर्ण मिळवलं तेही सपाट ४०० मीटरमध्ये. महिलांची ४०० मीटर अडथळा शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली तीच १९८४ साली, आणि तिचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार सरांनी उषाला तिकडे वळवलं ते हे लक्षात घेऊनच. म्हणजे जगातल्या कसलेल्या अडथळापटूंसमोर ही मुलगी या प्रकारात जवळपास नवखी उभी होती. उपांत्य फेरीत तिने ५५.५४ सेकंद दिले, अंतिम फेरीत ५५.४२. ती तिच्या आयुष्यातली सर्वोत्तम वेळ. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत आपली सर्वोत्तम धाव देणारे आपले किती खेळाडू आपण दाखवू शकतो?

निकाल असा होता: मोरोक्कोची नवाल एल मुतवाकेल ५४.६१, अमेरिकेची ज्युडी ब्राउन ५५.२०, रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२, स्वीडनची ॲन-लुईस स्कोगलुंड ५५.४३. पाचवीचा आकडा पुन्हा वाचा. सेकंदाच्या एका शतांशाने पदक गेलं म्हणून आपण चाळीस वर्षं हळहळतो आहोत, पण स्कोगलुंडला तिने तेवढ्याच अंतराने मागे टाकलं, ते कुणीच लिहीत नाही.

तो शतांश गेला कुठे, याची उत्तरं मैदानावर मिळतात. एका ऑस्ट्रेलियन धावपटूने फॉल्स स्टार्ट केला, म्हणजे पिस्तूल वाजण्याआधीच ती सुटली, आणि शर्यत पुन्हा सुरू करावी लागली. पहिल्या वेळी ब्लॉकमधून (पाय रेटायच्या ठोकळ्यांवरून) चांगली निघालेली उषा दुसऱ्या वेळी तशी निघाली नाही. त्या काळी पहिल्या चुकीला ताकीद देऊन सोडत, आज ती धावपटू थेट बाहेर गेली असती. दुसरं कारण शेवटच्या रेषेवर. फोटो फिनिशमध्ये, म्हणजे रेषेवरच्या फोटोवरून निकाल लावताना, डोकं, हात, पाय धरत नाहीत, धड रेषेवर कधी आलं ते बघतात. त्या वेगाला ०.०१ सेकंद म्हणजे साधारण सात सेंटीमीटर. शेवटच्या पावलाला हात मागे फेकून छाती पुढे टाकली की तेवढं अंतर मिळतं. दोन मीटर आधीच वाकलं तर उलट वेग जातो. छाती टाकण्यात आपण कमी पडलो, हे उषाने स्वतः सांगितलेलं आहे. याची तालीम करता येते. याला नशीब म्हणणं म्हणजे आजच्या मुलींना ‘तुमच्या हातात काही नाही’ असं शिकवणं आहे.

लेखात मिल्खासिंगांशी केलेली तुलनाही ढोबळ आहे. १९६० ला रोममध्ये ४०० मीटरमध्ये त्यांचं कांस्य गेलं ते हाताने मोजलेल्या वेळेतल्या ०.१ सेकंदाने, म्हणजे दहा शतांशांनी.

आणि सोल? १९८६ च्या आशियाडमध्ये भारताला एकूण पाच सुवर्णं मिळाली. त्यातली २०० मीटर, ४०० मीटर आणि ४०० मीटर अडथळा ही उषाची, चौथं ४ × ४०० रिलेचं, त्यातही ती होती. १०० मीटरमध्ये फिलिपिन्सच्या लिडिया द वेगाने तिला हरवलं, २०० मीटरमध्ये उषाने तिला मागे टाकलं, २३.४४ विरुद्ध २३.४७. तिथला तीन शतांशांचा फरक कर्तृत्वाचा आणि लॉस एंजेलिसचा एक शतांश नशिबाचा, असं कसं? आदल्या वर्षी जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रिले धरून पाच सुवर्णं, त्याला आपल्या लेखात अर्धी ओळ. ५५.४२ ची बरोबरी करायला आपल्याच विद्या रामराजला २०२३ चं हांगझोऊ आशियाड उजाडावं लागलं, त्याचा तर उल्लेखही नाही.

जाता जाता, त्याच पानावरच्या शालेय स्पर्धेच्या फोटोबद्दल. मुली धावत येत आहेत आणि अडथळे उलटे लावलेले आहेत. अडथळ्याचे जमिनीवरचे पाय धावत येणाऱ्या मुलीच्या बाजूला हवेत, म्हणजे धक्का लागला की तो पुढे कोसळतो. वरच्या पट्टीच्या मध्यावर ३.६ किलोचा जोर लागला की पडेल असा तो बनवलेला असतो. उलटा लावला तर तो पडतच नाही, गुडघा आपटून मुलगीच तोंडावर पडते. आयोजकांना हे ठाऊक नसेल तर त्यांना कुणीतरी बजावायला हवं. आपण मात्र तो फोटो ‘जिद्दीची झेप’ म्हणून छापलात.

शर्यतीच्या नावाची दुरुस्ती उद्याच्या अंकात यावी आणि त्याच चौकटीत अडथळा कसा लावायचा याची आकृती छापावी, ही विनंती. जिल्हा स्पर्धांचा हंगाम सुरू आहे, ती आकृती कात्रण काढून मैदानावर नेता येईल.

कळावे,
आपला,
एक वाचक, सांगली