तांबडीच्या पिसांवर फुंकर घालणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

फोनवर तुम्हाला थँक्यू म्हटलं होतं मी, पण तुम्ही "अहो कामच आहे आमचं" म्हणून दोन वाक्यात विषय मिटवलात आणि मला जे बोलायचं होतं ते घशातच राहिलं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

आई कोकणात गावी एकटी राहते. बाबा गेल्यापासून सात कोंबड्या आणि एक कोंबडा हाच तिचा गोतावळा. मी पुण्याहून रोज रात्री फोन करते तर निम्मा फोन त्यांचाच असतो, कोण खुडूक बसली, कोणी गवतात अंडं घातलं, कोणाच्या मागे मुंगूस लागलं. गणपतीनंतर मात्र तिचा आवाज बदलला. तांबडीची शेपटीखालची पिसं गेली, मग पोटाची गेली, खाली कातडी लालबुंद, मग चांदीचं तेच, मग तिसरीचं. अंडी जवळजवळ बंद. तुरे फिके पडलेले.

आणि आम्ही विचारायला कुठे नाही गेलो हो. खाद्याच्या दुकानातून व्हिटॅमिनची बाटली आणली, ती संपल्यावर दुसरी घ्या म्हणाले. एका जाणकार माणसाला मी चार फोटो पाठवले, त्याने ते उघडलेसुद्धा नाहीत आणि सांगितलं पिसं झडायचा सीझन आहे, येतील परत. (सीझनची पिसझड मान-डोक्यापासून सुरू होते, खालून नव्या पिसांचे कोंब दिसतात आणि कातडी अशी सोलल्यासारखी होत नाही, हे तुमच्याकडून कळलं. फोटो बघितले असते तर त्यालाही कळलं असतं.) वाडीत कोणीतरी बर्ड फ्लूचं नाव काढलं. 2006 ला नवापूरला झालं तेव्हापासून कोंबडी नुसती मान टाकून बसली तरी लोकांना तेच आठवतं, मग आईच्या दारावरून जाताना पोरांना लांबून न्यायला लागले. कापून टाका, एवढ्याशा कोंबडीला कसला डॉक्टर, असं तर सगळ्यांनीच सांगितलं. आणि एक बाई अंगणात उभी राहून हसत म्हणाली, "ही तर बोडकी झाली गो." आई काही बोलली नाही. मला फोनवर सांगताना फक्त तेवढं वाक्य सांगितलं आणि फोन ठेवला. ते मी विसरणार नाही.

दिवाळीला मी घरी होते म्हणून तुम्हाला बघायला मिळालं. दिवसभराची ड्युटी करून तिन्हीसांजेला आलात तुम्ही, आईने खुर्ची मांडली तर तिच्यावर बसलाच नाहीत, पडवीत खुराड्यासमोर उकिडव्या बसलात, "हिचं नाव काय" विचारलंत, तांबडीला मांडीवर घेतलंत आणि तिच्या पोटावर हळूच फुंकर घातलीत. पिसं दोन्हीकडे सरली आणि मुळाशी पांढऱ्या लिखा दिसल्या, साखरेचे दाणे चिकटल्यासारख्या. तुम्ही परत फुंकर घातलीत, जरा बाजूला, मग परत. मला माहितीय तपासायची पद्धतच ती आहे. पण लहानपणी गुडघा फुटला की आई जशी फुंकर घालायची तशीच ती होती मॅडम, आणि महिनाभर हात लावला की ओरडणारी ती कोंबडी डोळे मिटून पडून राहिली. आईने पदर तोंडाला लावला होता. तिच्या कोंबडीला इतक्या दिवसात कोणी हात लावला नव्हता.

मग अंधार पडल्यावर तुम्ही स्वतःचा पांढरा रुमाल खुराड्यातल्या दांड्याच्या खालून फिरवलात आणि त्यावर रक्ताचे ओघळ उमटले. उवा अंगावर होत्याच, पण हे लाल माइट, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारे बारीक किडे, दिवसा फटीत लपून बसतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात, म्हणून दिवसा बघणाऱ्याला काही दिसत नाही. आई एकदम रडायला लागली. कारण गेला महिनाभर कोंबड्या संध्याकाळी आत जायलाच बघत नव्हत्या, कढीपत्त्याच्या झाडावर चढून बसायच्या आणि आई काठी घेऊन, शिव्या घालून रोज त्यांना त्याच खुराड्यात कोंबायची. "मीच घातल्या गो त्यांच्या तोंडी," एवढंच म्हणत होती. तुम्ही तिचा हात धरलात आणि म्हणालात, "आई, तुम्ही त्यांना कोल्ह्यापासून वाचवत होतात." घरी गाडीने अर्धा तास जायचं असताना तुम्ही त्यानंतर वीस मिनिटं नुसत्या बसलात तिच्याजवळ. बर्ड फ्लू असता तर एवढे दिवस कोंबड्या टिकल्याच नसत्या, हे शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलंत, तेही मुद्दामच ना?

पुढचं सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं, खुराडं धुतलं, फटी बुजवल्या, चुना मारला, औषध आठवड्याने परत मारलं कारण किड्यांची अंडी पहिल्या वेळी मरत नाहीत. कोंबड्यांना लोळायला राखेचा खड्डा केला. पिसं बनतातच प्रोटीनची म्हणालात म्हणून आई स्वतःच्या ताटातली सुकट त्यांना घालते. कोणाच्या हातात डिग्री असते, कोणाच्या हातात नुसती काठी, पण समोरच्याचं दुखणं किती रुपयांचं आहे हे न विचारता खाली बसणारी माणसं अजून आहेत, आणि मला वाटतं गावं तुमच्यासारख्यांमुळेच उभी आहेत.

तांबडीला परत पिसं आलीत मॅडम, मानेवर तर आधीपेक्षा जास्त चकाकतात. आणि ती खुडूक बसलीय, आईने अकरा अंडी ठेवलीत खाली. 21 दिवसांनी पिल्लं निघतील. पैसे तुम्ही घेतले नाहीत, पण त्यातली पहिली तलंग तुमची असं आईने ठरवून टाकलंय, आणि ती पाठवणार नाही म्हणते, न्यायला तुम्हीच यायचं, जेवूनच जायचं.

तुमची,
तांबडीच्या घरची लेक